तण म्हणून उपटलेल्या भाज्या

१९३१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केनियातल्या दोन जमातींच्या आहारावर आणि प्रकृतीवर एक अहवाल छापला. लेखक दोघे होते. एक केनिया वसाहतीचा वैद्यकीय प्रमुख जॉन गिल्क्स आणि दुसरा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या रोवेट संशोधन संस्थेचा संचालक जॉन बॉइड ऑर. हाच ऑर पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा पहिला महासंचालक झाला आणि १९४९ चं शांततेचं नोबेलही त्याला मिळालं. पण त्या काळात त्याचं मुख्य काम जनावरांच्या पोषणाचं होतं. कुरणातल्या गवतात कोणते क्षार कमी पडले की गुरं खंगतात, याचा शोध घेता घेता तो माणसांच्या ताटाकडे वळला होता.

अहवालात तुलना होती मसाई आणि किकुयू यांची. मसाई गुराखी, त्यांचा आहार दूध, मांस आणि गुरांचं रक्त. किकुयू शेतकरी, त्यांच्या ताटात मका, ज्वारी-नाचणीसारखी धान्यं, रताळी आणि कडधान्यं. प्रौढ मसाई पुरुष किकुयू पुरुषापेक्षा सरासरी ५ इंचांनी उंच, २३ पौंडांनी जड आणि हाताच्या ताकदीत दीडपट भरला. हे आकडे पुढे पोषणशास्त्राच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं फिरत राहिले.

त्याच अहवालात एक नोंद मात्र फारशी कुणी उचलली नाही. किकुयू बायकांचं ताट त्यांच्या नवऱ्यांच्या ताटाहून वेगळं होतं. बायका हिरवा पाला भरपूर खात, वनस्पतींची राख आणि क्षारयुक्त मातीही खाण्यात असे, आणि त्यातून त्यांना कॅल्शियम मिळत होतं. पुरुष या पाल्याच्या वाटेला फारसे जात नसत. पाला म्हणजे बायकांचं आणि पोरांचं खाणं. दोन साहेबांनी हे नेमकं टिपलं, कागदावर उतरवलं, आणि पुढची सगळी चर्चा दूध, मांस आणि क्षारांभोवती रंगली. एका अर्थाने केनियाच्या पालेभाज्यांचा पुढचा साठ वर्षांचा इतिहास या दुर्लक्षात आधीच लिहून ठेवलेला आहे.

हा पाला होता तरी कसला? मराठी वाचकाला तो ओळखायला फार कष्ट पडणार नाहीत. किकुयू ज्याला ‘तेरेरे’ म्हणतात तो आपला माठ-राजगिऱ्याचा गोतावळा. ‘मनागू’ म्हणजे कामोणीच्या कुळातली झाडं. एका जातीची पानं रुंद आणि फळं जांभळी-काळी, दुसरीची पानं लहान आणि फळं नारिंगी. किसी लोकांची ‘चिन्सागा’ आणि कालेंजिनांची ‘सागेत’ ही आपल्याकडे पडीक रानात, रस्त्याच्या कडेला उगवणारी पांढरी तिळवण. पंजासारखी पाच दलांची पानं, पांढरी फुलं, त्यांतून बाहेर डोकावणारे लांब पुंकेसर आणि चुरडली की नाकात जाणारा मोहरीसारखा उग्र वास. ‘न्देरेमा’ म्हणजे मायाळू. ‘म्रेंडा’ म्हणजे ज्यूटच्या झाडाची पानं, शिजली की बुळबुळीत होणारी. ‘मितू’ आपल्या खुळखुळ्याच्या जातकुळीतली. आणि ‘कुंडे’ म्हणजे चवळीचा कोवळा पाला. चवळी मुळात आफ्रिकेचीच. ज्वारी, बाजरी आणि नाचणीही तिकडचीच, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेली. तेव्हा भाकरी खाणाऱ्या माणसाने या भाज्यांना परकं म्हणू नये.

केनियात ज्यांचा पाला अन्न म्हणून खाल्ला जातो अशा वनस्पती सुमारे २०० आहेत. त्यातल्या मोजक्याच मुद्दाम पेरल्या जात. बाकीच्या मका-ज्वारीच्या ओळींत, गोठ्यामागच्या शेणकटात, पहिला पाऊस पडला की आपोआप उगवत आणि बायका निंदणी करताना त्या राखून ठेवत. कोणतं झाड उपटायचं आणि कोणतं ठेवायचं, हे हातांना माहीत होतं. ही शेतीच होती, फक्त ती ओळीत नव्हती, म्हणून कुणाच्या हिशेबात आली नाही.

ती हिशेबाबाहेर कशी फेकली गेली, याची सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. मोंबासाहून निघालेला लोहमार्ग हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी घातला आणि १९०१ च्या अखेरीस तो व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला पोचला. मागोमाग गोरे वसाहतवाले आले आणि थंड हवेच्या डोंगराळ पट्ट्यातली चांगली जमीन त्यांच्याकडे गेली. आफ्रिकन कुटुंबांवर झोपडीमागे कर बसला. तो रोखीत भरायचा, म्हणून पुरुष मळ्यांवर मजुरीला गेले. तिथे शिधा मिळे तो मक्याच्या पिठाचा. हळूहळू ज्वारी-नाचणीची जागा मक्याने घेतली आणि मक्याच्या शेतात ओळी आल्या, ओळींबरोबर स्वच्छ निंदणी आली.

गोऱ्यांच्या बागांतून कोबी आला. कोबीच्याच कुळातली, गड्डा न धरणारी, जाड पानांची एक भाजीही आली. ती वर्षभर तोडता येते, एका झाडाची पानं महिनोन्महिने निघतात, स्वस्त पडते. तिचं नाव पडलं ‘सुकुमा विकी’, म्हणजे पगार होईस्तोवर आठवडा रेटून नेणारी. या भाजीला नावं ठेवण्याचं काही कारण नाही, तिने शहरातल्या गरिबांची कितीतरी संध्याकाळची जेवणं सावरली. पण मुळात पाहुणी असलेली ही भाजी दोन पिढ्यांत ‘केनियाची भाजी’ होऊन बसली आणि घरच्या भाज्या अंगणातून बाहेर गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात या बदलाला सरकारी जोर मिळाला. किकुयू मुलखातल्या कराटिना येथे सैन्यासाठी भाज्या सुकवण्याचा कारखाना निघाला आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी बटाटे, कोबी, गाजरं लावली. युद्ध संपलं, कारखाना बंद पडला, पण विकायची भाजी म्हणजे विलायती भाजी ही समजूत मागे राहिली. १९५४ च्या स्विनर्टन योजनेने जमिनीची एकत्रीकरणं केली आणि आफ्रिकन शेतकऱ्याला कॉफी, चहा, पायरेथ्रमसारख्या नगदी पिकांकडे वळवलं. बांध आखले गेले, पडीक तुकडे लागवडीखाली आले, आणि पाला जिथे आपोआप उगवायचा ती जागाच कमी झाली. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला. कृषी शाळांची पुस्तकं मात्र तीच राहिली. त्यांत कोबी, टोमॅटो आणि कांदा ‘भाजीपाला’ या प्रकरणात असे, आणि राजगिरा, कामोणी नि तिळवण ‘तण’ या प्रकरणात. कामोणीचं तर युरोपातल्या एका जहाल विषारी झाडाशी दूरचं नातं निघतं, त्यामुळे तिच्यावर विषाचाही शिक्का बसला. जी भाजी आजीने काल रांधली, ती विषारी आहे असं शाळेत शिकायचं, हा प्रकार मुलांनी कसा पचवला असेल कोण जाणे.

शिवाय भाजीचं मोल फक्त पैशांत ठरत नव्हतं. पोरांनी डब्यात कोबी नेला की ते सुधारलेलं घर. तिळवणीचा पाला खाणारं घर म्हणजे गरीब आणि गावंढळ. गाव सोडून नैरोबीला आलेल्या माणसाला ताटात मनागू दिसली की त्याला आपण पुन्हा मागे गेल्यासारखं वाटे. भाजी विस्मरणात गेली असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे लोकांना ती आठवत होती आणि तिची लाज वाटत होती.

ज्या स्वयंपाकघरांत ती टिकली तिथलं ज्ञान साधं नव्हतं. मनागू कडू असते. कोवळी पानं खुडायची, देठ टाकायचे, उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी ओतून द्यायचं, मग दूध किंवा साय घालून मंद आचेवर ठेवायची. काही घरांत ती तशीच रात्रभर मुरू देत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध घालून गरम करत. दर खेपेला कडवटपणा उतरतो आणि चव चढते. तिळवणही अशीच उकळून, दूध घालून. पश्चिम केनियातले लुह्या लोक म्रेंडासारख्या चिवट पानांसाठी एक क्षार वापरतात. घेवड्याची वाळलेली टरफलं किंवा केळीच्या साली जाळायच्या, त्या राखेतून पाणी झिरपवायचं आणि ते तांबूस पाणी हंडीत घालायचं. पाला झटकन मऊ होतो. बुळबुळीत म्रेंडात चवळीचा पाला घालून घास सैल करायचा, कडू भाजीत सौम्य भाजी मिसळायची, अशी जोड्यांची पक्की गणितं होती. बाळंतिणीला तिळवण द्यायची हे तर कित्येक जमातींत ठरलेलं. पाककृतीच्या एकाही पुस्तकात हे तेव्हा नव्हतं. आजी गेली की तिच्यासोबत ते जायचं.

१९५९ साली जन्मलेली मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो अशाच एका पश्चिम केनियातल्या घरात वाढली. लहानपणी तिला मांस, मासे, अंडी, दूध काहीच मानवत नसे. खाल्लं की त्रास. म्हणून आई-आजीने तिला पालेभाज्यांवर वाढवलं. दुसऱ्या पोरांना जे नाइलाजाने मिळत होतं ते तिचं रोजचं जेवण होतं. नैरोबी विद्यापीठात ती शेती शिकायला गेली तेव्हा आपल्या ताटातल्या भाज्या अभ्यासक्रमात तण म्हणून भेटल्या. पुढे तिने लंडन विद्यापीठातून डॉक्टरेट केली आणि विषुववृत्तावरच वसलेल्या मासेनो गावच्या विद्यापीठात शिकवायला लागली. १९९० च्या दशकात तिने पश्चिम केनियातल्या गावांतून या भाज्यांची पाहणी सुरू केली: कोण काय लावतं, बी कुठून आणतं, कसं शिजवतं.

पहिली अडचण दिसली ती बियाण्याची. बाजारात या भाज्यांचं बी मिळतच नव्हतं. घरोघरी जपलेलं बी सरमिसळ झालेलं, जुनं, उगवण कमी. तिळवणीचं तर आणखी एक कोडं होतं. झाडावरून ताजं काढलेलं बी पेरलं तर बहुतेक उगवतच नाही. ते काही महिने ठेवावं लागतं, तेव्हा कुठे त्याची झोप मोडते. म्हाताऱ्या बायका बी वाळवून भोपळ्याच्या तुंब्यात, चुलीच्या वर टांगून पुढच्या पावसापर्यंत का ठेवत, याचं उत्तर त्यात होतं. फुलं येऊ लागली की शेंडे खुडले तर झाड पानं धरतं, नाहीतर लवकर बियाण्याला लागून पानं थांबतात. असे बारकावे अबुकुत्सा आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाच्या वाफ्यात मोजून मांडले. चांगलं बी वाढवून त्यांनी ते शेतकऱ्यांच्या गटांना दिलं.

दुसरं काम पोषणाचं होतं. राजगिरा, कामोणी, तिळवण, चवळीचा पाला यांच्यात लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा साठा कोबीपेक्षा कितीतरी जास्त भरतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं. ऑर आणि गिल्क्स यांनी ज्या पाल्यातलं कॅल्शियम टिपलं होतं, त्यालाच आता नव्याने प्रमाणपत्र मिळालं. शेतीच्या बाजूनेही कोबी मागे पडला. कोबीला अडीच-तीन महिने लागतात, राजगिरा आणि तिळवण ३-४ आठवड्यांत पहिली खुडणी देतात. या दोन्ही वनस्पतींची पानं उन्हात अन्न तयार करण्याची मक्यासारखीच काटकसरी पद्धत वापरतात, त्यामुळे उष्णता आणि पाण्याची टंचाई त्या चांगल्या सोसतात. चवळी आणि मितू तर जमिनीत नत्रही घालतात.

मासेनोत हे चाललं असतानाच नैरोबीत राष्ट्रीय संग्रहालयात वनस्पतींचे अभ्यासक पॅट्रिक माउंडू पारंपरिक अन्नवनस्पतींची नोंद करत होते. त्यांचं सहकाऱ्यांसोबतचं ‘ट्रॅडिशनल फूड प्लांट्स ऑफ केनिया’ हे जाडजूड पुस्तक १९९९ मध्ये निघालं. वनस्पतींच्या जनुकसंपदेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९० च्या दशकाच्या मध्यावर केनिया, बोट्स्वाना, कॅमेरून, सेनेगल आणि झिंबाब्वे या पाच देशांत आफ्रिकन पालेभाज्यांचा कार्यक्रम हाती घेतला होता. नैरोबी विद्यापीठाचे जेम्स चवेया त्याच सुमारास तिळवणीवर सविस्तर पुस्तिका लिहीत होते. टांझानियात अरुशाला जागतिक भाजीपाला केंद्राची शाखा १९९२ पासून होतीच, तिथे निवड पद्धतीने नवे वाण तयार होऊ लागले. एका तणासाठी इतकी माणसं कामाला लागलेली बघून जुन्या कृषी अधिकाऱ्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना करून पाहायला हरकत नाही.

पण शहराने ही भाजी उचलली ती केवळ शास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून नव्हे. नोव्हेंबर १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी एड्स ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. औषधं तेव्हा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. दवाखान्यांतून रुग्णांना सांगितलं जाई की पोषण सांभाळा, गावाकडच्या पालेभाज्या खा. आजारी माणसासाठी शहरात मनागू शोधणारी कुटुंबं वाढली, मग निरोगी माणसंही तीच मागू लागली. ज्या भाजीची लाज वाटत होती ती औषधासारखी परत आली, ही गोष्ट दुःखाची आहे आणि तितकीच खरीही आहे.

किआंबूसारख्या नैरोबीलगतच्या भागांत छोट्या शेतकऱ्यांचे गट बांधले गेले, फार्म कन्सर्न इंटरनॅशनल या संस्थेने त्यांना बाजाराशी जोडलं, आणि नैरोबीतल्या उचुमी या सुपरमार्केटच्या फळ्यांवर तिळवणीच्या जुड्या दिसू लागल्या. तरी खरा व्यापार रस्त्यावरच. चौकाचौकांत टपरी टाकून बसणारी भाजीवाली म्हणजे ‘मामा म्बोगा’. ती पहाटे घाऊक बाजारातून पोती आणते, जुड्यांवर पाणी शिंपडत बसते, कारण तिळवण उन्हाने तासाभरात मान टाकते. गिऱ्हाईक थांबलं की ती सुरीने पाला बारीक चिरूनही देते, कामावरून घरी परतणाऱ्या बाईचा तेवढाच वेळ वाचतो. २०२२ च्या निवडणुकीत या मामा म्बोगाचं नाव प्रचारसभांतून इतकं घेतलं गेलं की ती जणू मतदारसंघच झाली. भाषणांतून तिला किती मिळालं हा वेगळा प्रश्न.

२०११ ते २०१३ या दोन वर्षांत केनियातलं या भाज्यांखालचं क्षेत्र २५ टक्क्यांनी वाढलं. अबुकुत्सा मासेनोहून नैरोबीजवळच्या जुजा येथील जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, आणि २०१० मध्ये त्यांना आफ्रिकन युनियनचा क्वामे एन्क्रुमा विज्ञान पुरस्कार मिळाला. युनेस्कोच्या साहाय्याने पश्चिमेकडच्या इसुखा समाजात शाळकरी मुलांनी आपल्या आज्यांकडून पाककृती आणि भाज्यांची नावं लिहून घेतली. २०२१ मध्ये युनेस्कोने केनियाच्या या कामाला वारसा जपण्याच्या चांगल्या उपक्रमांच्या यादीत जागा दिली. तण म्हणणाऱ्या शाळेनेच तीच भाजी वारसा म्हणून वहीत उतरवली.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. नैरोबीच्या आसपास कित्येक वाफे सांडपाण्यावर पिकतात, आणि तिथल्या पाल्यात जड धातूही उतरतात. ज्याचं पोषण म्हणून कौतुक करायचं तोच पाला कुठल्या पाण्यावर वाढला हे विचारणारं गिऱ्हाईक कमी. आणि भाजीला भाव आला तसे पुरुषही त्यात उतरले, हे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं आहे. पाल्याला पैसा नव्हता तोवर तो बायकांचा होता. आता जमीन कोणाच्या नावावर आहे, यावर भाजीचा पैसा कोणाच्या हातात जाणार हे ठरतं.

सर्वांत टोचणारी गोष्ट बियाण्याची. केनियाच्या बियाणे व वाण कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रमाणित नसलेलं बी विकणं किंवा देवाणघेवाण करणं गुन्हा ठरलं. शिक्षा होती १० लाख शिलिंगांपर्यंत दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद. बोगस बियाण्याला आळा घालायचा, हा हेतू समजण्यासारखा आहे. मक्याच्या बियाण्यात फसलेला शेतकरी वर्षभर उपाशी राहतो. पण मनागू, चिन्सागा, मितू यांचं बहुतेक बी आजही घरातून घरात, शेजारणीकडून शेजारणीकडे, आठवडी बाजारात चमच्याच्या मापाने फिरतं. २०२२ मध्ये छोट्या शेतकऱ्यांच्या एका गटाने या तरतुदींना उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. साठ वर्षं कुणी विचारत नव्हतं तेव्हा ज्या बायकांनी चुलीवर तुंबे टांगून हे वाण जिवंत ठेवले, त्यांच्या मूठभर बियाण्याला गुन्ह्याच्या कलमात बसवणारा तो कायदा चुकीचाच होता.